मंगळवारचं आयर्लंड

शुभदाकाकू, तुम्ही गेल्याची बातमी मंडळाच्या ग्रुपवर आली आणि तासाभरात तिच्याखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. कुणीतरी तुमचं सगळं आयुष्य एका परिच्छेदात बसवलंही. सांगली, नर्सिंग, आयर्लंडमधलं हॉस्पिटल, निवृत्ती, मेलबर्नला मुलीकडे. त्यात चूक एकही नव्हती आणि तुम्हीही कुठे नव्हता. म्हणून ते मी इथे परत लिहीत नाही.

मला लिहायचंय ते आपल्या भांडणाबद्दल. ते अर्ध्यावर राहिलं आहे. तुम्ही असतात तर हे वाचून म्हणाला असतात, "क्रांती, आधी चहा घे." हे नाव मला वडिलांनी मोठ्या अभिमानाने दिलं. त्याची इतक्या शांतपणे चेष्टा करणाऱ्या तुम्हीच पहिल्या. "क्रांती चहानंतर," असं तुम्ही भर वर्गात म्हणायचात आणि पाटीलकाका मान मागे टाकून हसायचे.

मेलबर्नच्या क्लेटन उपनगरातली, लायब्ररीमागची ती खोली. दर मंगळवारी सकाळी तिथे इंग्रजी बोलायला शिकणारे लोक जमायचे. नातवंडं सांभाळायला आलेले आजी-आजोबा, नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायका. माझं युनी संपलं होतं, गोदामात शिफ्ट करत होते आणि मंगळवार मोकळा असायचा, म्हणून मदतनीस म्हणून नाव दिलं. मला वाटलं होतं, मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याचा फॉर्म, ट्रेनचं कार्ड, डॉक्टरला कुठे दुखतं ते सांगणं, असलं काही शिकवत असाल. आत आले तर पडद्यावर समुद्रात उभा तुटलेला एक प्रचंड कडा होता, आणि आटपाडीकडचे पाटीलकाका त्याच्याकडे बोट दाखवून म्हणत होते, "द क्लिफ इज व्हेरी हाय. आय ॲम अफ्रेड. आय विल नॉट गो निअर. माय वाइफ विल गो."

सगळे हसले. तुम्ही म्हणालात, "ग्रँड!"

वर्ग सुटल्यावर मी विचारलं, "काकू, हे लोक ऑस्ट्रेलियात राहतात. आयर्लंड कशाला?"

"मेडिकेअरवर कुणाला काही बोलायचं असतं का? फॉर्म भरायचा असतो, झालं." तुम्ही खुर्च्या एकात एक घालत होतात. "ऑस्ट्रेलियावर बोला म्हटलं की यांना वाटतं आपली परीक्षा चाललीय. इंडियावर बोला म्हटलं की पाटील आणि हरप्रीत भांडतात. आयर्लंड या खोलीत कुणाचंच नाही. तिथे चुकलं तरी कुणाला लाज वाटत नाही."

"कुणाचाच नाही असा देश नसतो, काकू."

"ती दुसरी खुर्ची दे."

हे मला तेव्हा पळवाट वाटलं. आजही बरंचसं वाटतं. पण त्या खोलीत लोक बोलायचे, हे मान्य करावं लागेल. तुम्ही एकदा आयर्लंडमधल्या एका पवित्र झऱ्याकाठचं झाड दाखवलंत, फांद्यांना चिंध्या बांधलेल्या. लुधियानाच्या हरप्रीतजी ताडकन म्हणाल्या, "अरे, ये तो हमारे पीर बाबा का पेड़ है!" आणि मग अर्धा तास कोण कुठे काय बांधतं यावर गदारोळ झाला, सगळा मोडक्यातोडक्या इंग्रजीत. फेब्रुवारीत भर उन्हाळ्यात तुम्ही पार्किंगच्या कडेचं लांब गवत कापून आणलंत आणि तिथल्या थंडीत घरोघर विणतात तसा क्रूस सगळ्यांना विणायला लावलात. त्यावरून हरप्रीतजी म्हणाल्या, धर्म बदलवताय का? तुम्ही म्हणालात, धर्म नाही, फक्त 'ओव्हर' आणि 'अंडर' शिकवतेय.

तुमचं 'ग्रँड', म्हणजे आयरिश 'छान', तर सगळ्या वर्गाला चिकटलं. पाटीलकाका केमिस्टकडे, बसमध्ये, नातवाच्या शाळेत, सगळीकडे "ग्रँड, ग्रँड" करत फिरायचे. एका ड्रायव्हरने त्यांना विचारलं होतं, "यू फ्रॉम डब्लिन, मेट?" काका म्हणाले, "निअर सांगली."

आता माझी बाजू. ती तुम्ही पूर्ण कधी ऐकून घेतली नाहीत.

इचलकरंजीला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत वडिलांचं छपाईचं मशीन होतं. यंत्रमाग कामगारांची पत्रकं, हुंड्याविरुद्धची पत्रकं, अंगात येण्याविरुद्धची पत्रकं. इतर मुली पाढे म्हणायच्या तेव्हा मी ओल्या शाईच्या कागदांच्या घड्या घालायचे. गोष्टींची पुस्तकं नंतर आली, आधी पत्रकं वाचली. वडील सांगायचे, वाचणारा चौकात उभा आहे, त्याला घाई आहे, सगळ्यात महत्त्वाचं त्याला पहिल्या ओळीत सांग. मग मला सांगा, ज्याने आयर्लंडचं नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं त्याला पहिल्या ओळीत काय सांगायचं? माणसं उपाशी मरत असताना बंदरातून धान्याची जहाजं बाहेर जात होती, हे. पुढे लाखो लोक घर सोडून निघाले, हे. कडा नंतर दाखवा. कडा कुठे पळून जात नाही.

तुम्ही कड्यापासून सुरुवात करायचात. मग किल्ला, मग पब, मग मेंढ्या.

एका मंगळवारी तुम्ही एक सुंदर फोटो लावलात. हिरवा डोंगर, दोन्ही बाजूंना रचलेल्या दगडांच्या भिंती आणि मधून वर गेलेली वाट. तुमचा प्रश्न होता, "व्हेअर डझ द रोड गो?" आणि अपेक्षित उत्तर, वाट डोंगरावर जाते, वरून देखावा छान दिसतो. मी मागे उभी होते. मी म्हटलं, "इट गोज नोव्हेअर." आणि सांगून टाकलं. दुष्काळात सरकारने फुकट अन्न द्यायचं नाही म्हणून भुकेल्या लोकांकडून रस्ते बांधून घेतले. त्यातले कित्येक असेच डोंगरात जाऊन थांबतात, कारण ते कुठे जायचेच नव्हते. हा रस्ता त्यातला आहे की नाही ते मला माहीत नव्हतं, तेही सांगितलं.

मग पाटीलकाका मराठीत म्हणाले, "म्हणजे आमच्या बहात्तरसारखं की. मी बारका होतो. आई खडी फोडायला जायची. रस्ता कुठं निघालाय कुणी विचारत नव्हतं. खायला सुकडी मिळायची." मग अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, काका बोलतच सुटले. मध्येच थांबून तुम्हाला विचारलं, "काकू, सुकडीला इंग्लिशमध्ये काय?" तुम्ही फळ्यावर इंग्रजी अक्षरांत 'सुकडी' लिहिलंत. वर्गाने तो शब्द म्हटला. मिसेस चेननी सुद्धा म्हटला. या बाई मुलीकडे राहायच्या, नात सांभाळायच्या, आणि वर्षभरात 'थँक यू' आणि 'नो वरीज'च्या पुढे फारशा गेल्या नव्हत्या.

नंतर सिंकमध्ये कप विसळताना तुम्ही म्हणालात, "चांगलं झालं. पण पुढच्या वेळी मला आधी विचार."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"हो."

"का पण?"

"ते इथे बोलायला येतात गं. रडायला घर आहे त्यांना."

"घरी रडायला जागा असते, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

तुम्ही नळ मोठा केलात. मला वाटलं, मुद्दा लागला. आता वाटतं, मुद्दा लागला होता, पण मी फेकला तिथे नाही.

मग ऑक्टोबरातली ती सहल. कोरॉइट नावाच्या गावी तुम्ही आम्हाला न्यायचं ठरवलंत, भाड्याची व्हॅन करून. वाटेत टॉवर हिलला थांबलो तेव्हा एका एमूने हरप्रीतजींच्या हातातला पराठा इतक्या सभ्यपणे काढून घेतला की त्या त्याला "यू आर वेलकम" म्हणाल्या. कोरॉइट म्हणजे आयरिश लोकांनी वसवलेलं बटाट्याचं गाव. काळी माती, दगडी चर्च, हिरवा रंग दिलेली दुकानं. तुम्ही फार खूश होतात. रस्त्याने चालताना आयर्लंडमधल्या पावाबद्दल सांगत होतात, तिथे तुमच्या बसमध्ये रोज भेटणाऱ्या एका म्हाताऱ्याबद्दल सांगत होतात, तो तुम्हाला हवामान सोडून काही बोलायचा नाही आणि तुम्ही रजेवर गेलात की ड्रायव्हरकडे चौकशी करायचा.

कबरस्तानात दगडांवर नावं होती आणि नावांखाली गावं. इथे पन्नास वर्षं काढून मेलेल्या माणसाच्या दगडावरही तो आयर्लंडमधल्या कुठल्या परगण्याचा, ते कोरलेलं. पाटीलकाका एकेक मोठ्याने वाचत चालले होते. मी वर्गासाठी लिहून आणलेलं एक पान पिशवीतून काढलं.

मयताजवळ जागायची आयरिश पद्धत, 'वेक', तुम्ही आधी शिकवली होती, तीही हसत हसत. मयत घरात ठेवायचं, त्याला एकटं सोडायचं नाही, दारावर टकटक न करता आत यायचं, घरच्यांचा हात हातात घेऊन एक ठरलेलं वाक्य म्हणायचं, आणि मग बसून त्या माणसाचे किस्से सांगायचे, हसायचं, खायचं. माझ्या पानावर त्याचाच दुसरा भाग होता. घरातलं कुणी अमेरिकेला निघालं की ते परत दिसणार नाही हे सगळ्यांना माहीत असायचं. म्हणून आदल्या रात्री त्या जिवंत माणसासाठी तसंच जागायचे. शेजारीपाजारी यायचे, गाणी व्हायची, नाच व्हायचा, आई मधूनच रडायची, आणि उजाडल्यावर सगळे त्याच्याबरोबर चालत चौरस्त्यापर्यंत जायचे. मला ते त्या दगडांमध्ये उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवायचं होतं. याहून योग्य जागा कुठली असणार?

तुम्ही पान वाचलंत. परत दिलंत. "हे नको."

"का?"

"नको म्हटलं ना."

"दुष्काळ नको, हे नको. मग काय, बटाटे?"

"हो, बटाटे. आज पिकनिक आहे."

"तुमचं आयर्लंड कॅलेंडरवरचं आहे, काकू."

"असू दे. घरात कॅलेंडर लागतं."

आणि तुम्ही व्हॅनकडे चालायला लागलात. परतीचा सगळा प्रवास तुम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसलात. नंतरही मी ते पान दोनदा पुढे केलं. एकदा म्हणालात, बघू. एकदा नुसता चष्मा पुसलात.

इथे आपलं भांडण थांबलं. जुलैत तुम्ही गेलात.

स्प्रिंगव्हेलच्या दहनगृहात सगळं शिस्तीत झालं. आम्हाला मिळालेली वेळ संपत आली तेव्हा काचेच्या दारापलीकडे पुढचं कुटुंब येऊन थांबलं होतं. मुग्धाने सगळ्यांचे आभार मानले. तुमची मुलगी किती व्यवस्थित बोलते! आवाज एकदाही हलला नाही. मी तिला तोवर दोन-तीनदाच भेटले होते. वर्गाला ती कधी आली नव्हती आणि तुम्ही तिला कधी बोलावलं नव्हतं, हे मी तेव्हा कामाच्या धबडग्यावर ढकललं होतं.

दुसऱ्या दिवशी पाटीलकाकांचा फोन. "क्रांती, काकूंनी शिकवलं तसं करायचं ना आपण? वेक?"

"काका, ते मयत घरात असताना करतात. आता सगळं झालंय."

"मग काय झालं? इथं माणसाला फ्रीजमध्ये ठेवतात गं, एकटं. त्या एकट्याच राहिल्या. आपण मागनं बसू."

मी कुठल्याच विधीच्या बाजूची नाही, हे तुम्हाला माहीत आहे. दहावं, तेरावं, पिंड, कावळा, या सगळ्यांविरुद्धची पत्रकं मी स्वतः वाटली आहेत आणि उद्याही वाटेन. आयरिश विधी म्हणून तो कमी विधी होत नाही. मी त्यांना थांबवायला म्हणून मुग्धाच्या घरी गेले.

पोचायला उशीर झाला. ते बेल न वाजवता आत शिरलेले होते, कारण तुम्ही तसं शिकवलं होतं. पाटीलकाकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या होत्या, हरप्रीतजी राजमा, आणि मिसेस चेननी तुम्ही सांगितलेला तो आयरिश पाव भाताच्या कुकरमध्ये वाफवून आणला होता. मुग्धा हुडी घालून हॉलच्या मधोमध उभी. टेबलावर टॅब्लेट टेकवलेला आणि त्यावर सांगलीहून तिचे मामा, दहाव्याचं काय ते विचारत असलेले. आणि तिच्यासमोर तुमच्या वर्गाची रांग. एकेक जण पुढे होत होता, तिचा हात हातात घेत होता आणि म्हणत होता, "आय ॲम सॉरी फॉर युअर ट्रबल." तुमच्याच सुरात, काकू. शेवटचा शब्द खाली सोडत.

मग ते बसले आणि तुम्ही शिकवल्याप्रमाणे हसायला लागले. पाटीलकाकांनी एमूचा किस्सा काढला. हरप्रीतजी उभ्या राहून एमूची मान करून दाखवू लागल्या.

"कोण आहेत गं ही माणसं?" टॅब्लेटमधून मामा. "हसतायत काय?"

"आईचे विद्यार्थी."

"सुतकात?"

पाटीलकाका पडद्यापाशी वाकले. "दादा, आयर्लंडला असंच असतंय."

"पण आम्ही सांगलीचे आहोत!"

मुग्धा हसली. एकदम, जोरात. मग तसंच हसणं अर्धं टाकून स्वयंपाकघरात निघून गेली. मी मागे गेले.

ती ओट्याला पाठ लावून उभी होती. "तुम्हाला किती माहितीय," ती म्हणाली. "तो पाव, त्या दगडी भिंती, बसमधला म्हातारा. मला आज कळलं की बसमध्ये एक म्हातारा होता. मला ती फोनवर एकच विचारायची, जेवलीस का?"

मी दार अर्धं लोटून घेतलं.

"मी सहा वर्षांची होते. बाबा आधीच गेले होते. रात्री झोपले तेव्हा आई होती, उठले तेव्हा नव्हती. मामी म्हणाली, ड्यूटीला गेलीय. मी रोज शाळेतून आले की दप्तर न काढता फाटकापाशी थांबायचे. ड्यूटी संपेल ना कधीतरी. पहिल्यांदा सुट्टीवर परत आली तेव्हा मी तिला अहो म्हणाले. सगळे हसले. ती पण हसली."

बाहेर हॉलमध्ये पुन्हा हशा झाला.

"तुझ्याशी बोलायची ना ती एवढी? कधी म्हणाली का, की निघताना मला उठवावंसं वाटलं होतं? जवळ तरी येऊन बघितलं का तिने? मी विचारणारच होते तिला. दर वर्षी वाटायचं, या वर्षी विचारू."

"नाही, मुग्धा. माझ्याशी कधीच नाही बोलल्या."

"सांग ना काहीतरी. खोटं सांग."

काकू, ते सोपं होतं. दोन वाक्यं लागली असती आणि ती तिला आयुष्यभर पुरली असती. तुमच्या तोंडी ती शोभलीही असती. पण मेलेल्या माणसाच्या नावावर मी काही छापत नाही. मी नाही म्हटलं.

"मग आलीस कशाला?" ती म्हणाली. तिचं बरोबर होतं.

माझ्याकडे जे खरं होतं ते मी तिला दिलं. कोरॉइटचं कबरस्तान, ते पान, त्यावर काय होतं, तुम्ही ते परत केलंत आणि पुढे बसून गेलात. ती ऐकत राहिली. मग विचारलं, "तिने नको म्हटलं?"

"तीनदा पुढे केलं. तीनदा."

"मंगळवारी ते शिकव. मी येते."

त्या दिवसापासून मी तुमच्याशी मनातल्या मनात जोरजोरात बोलते आहे. तुम्ही इतिहास झाकताय असं मी समजत होते आणि तुम्ही एक सकाळ झाकत होतात. ठीक. पण म्हणून मी माझं म्हणणं मागे घेत नाही. उलट आता ते जास्त जोराने म्हणते. एका देशाला नर्सेस कमी पडतात, दुसऱ्या देशात पगार पुरत नाही, आणि हा हिशोब जुळवायला सांगलीतली एक पोर दप्तर घेऊन फाटकापाशी उभी राहते. ही तुमची खाजगी गोष्ट नाही, काकू. असल्या गोष्टी खाजगी म्हणून घराघरांत पुरून ठेवल्या की कुणालाच जाब द्यावा लागत नाही. ज्यांच्याकडून पैसे येतात त्या बायकांचं कौतुक होतं, सत्कार होतात, आणि त्यांच्या मुलांना कुणी काही विचारत नाही. तुम्ही ते पान शिकवायला हवं होतंत. मुग्धाला मागच्या खुर्चीवर बसवून शिकवायला हवं होतंत. त्याबद्दल मी तुमच्यावर रागावलेली आहे आणि राग ओसरेल असं दिसत नाही.

आणि तरीही, या सगळ्या रागात मला दिसतं ते असं, की तुम्ही ज्या देशात स्वतःच्या मुलीपासून लांब राहिलात त्याच देशाबद्दल तुम्हाला चांगलंच सांगायचं होतं. तिथल्या पावाबद्दल, पावसाबद्दल, त्या म्हाताऱ्याबद्दल. मला ते जमलं नसतं. मी एखादं जळजळीत पत्रक लिहिलं असतं. तुम्ही तिथून दुसऱ्यांना बोलायला लागेल एवढं सामान घेऊन आलात. याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले होते.

मंगळवारी मी पान वाटलं. मुग्धा आली होती, हीटरपाशी मागे बसली. मला वाटलं होतं मी बोलेन, पण पान वाचून झाल्यावर मला बोलायला जागाच मिळाली नाही. पाटीलकाका म्हणाले, मुलगा निघाला तेव्हा आईने हातावर दही दिलं आणि त्याने घाईत ते पँटला पुसलं, अजून सांगते ती. हरप्रीतजी म्हणाल्या, "सेम टू सेम! दही-चीनी! बट एअरपोर्ट पर कोई डान्स नहीं, ओन्ली सेल्फी." कुणीतरी विचारलं, रात्रभर नाचून सकाळी जहाजात झोपत असतील का? चुकीच्या इंग्रजीचा नुसता पूर आला होता. माझी जीभ वळवळत होती. पण बोलणाऱ्याचं वाक्य पुरं झाल्याशिवाय चूक काढायची नाही, हा तुमच्या वर्गाचा एकच नियम होता, आणि वाक्यं काही पुरी होत नव्हती.

तेवढ्यात मुग्धाने इंग्रजीत विचारलं, "डिड दे वेक द स्मॉल चिल्ड्रन? टू से गुडबाय?"

सगळ्यांनी पानावर शोधलं. पानावर ते नव्हतं. मी तसं सांगितलं.

"ऑफ कोर्स वेक!" हरप्रीतजी म्हणाल्या. "बच्चे को बोलना पड़ता है."

"नो, नो," पाटीलकाका म्हणाले. "चाइल्ड क्राय, मदर क्राय, शिप गॉन."

"आय नॉट वेक हर."

हे मिसेस चेन म्हणाल्या. सगळे वळले. त्या पानाकडेच बघत होत्या.

"माय डॉटर. फोर इयर. आय गो फॅक्टरी, व्हेरी फार. शी स्लीप. हर फूट इज आउटसाइड." त्यांनी हाताने पांघरुणाची कड दाखवली. "आय पुट इनसाइड. इफ शी वेक अप, आय डोन्ट गो."

मुग्धा उठली आणि पुढे आली. "यू टोल्ड हर? लेटर?"

"नो. शी नेव्हर आस्क." मिसेस चेननी आता वर बघितलं. "आय वेट. मेबी शी आस्क."

काकू, हे उत्तर मिसेस चेनचं आहे, तुमचं नाही. मी ते तुमचं म्हणून मुग्धाला दिलेलं नाही आणि इथेही देत नाही. तुम्ही त्या सकाळी काय केलंत, ते तुमच्याबरोबर गेलं. मुग्धालाही हे कळतं. ती माझ्याहून हुशार आहे.

ती मिसेस चेनना म्हणाली, "डोन्ट वेट. प्लीज. टेल हर टुडे."

मिसेस चेननी मान हलवली. "इन चायनीज," त्या म्हणाल्या, "व्हेरी डिफिकल्ट."

मुग्धाने एक खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली. "ओके. फर्स्ट इन इंग्लिश. टू मी."

मिसेस चेननी तिचा हात हातात घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"यू आर स्लीप," त्या म्हणाल्या. "युअर फूट इज आउटसाइड."